मण्यांची पोंची



मण्यांची पोंची घरच्या घरीं कशी विणावी, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकतांच कांहीं पुरुषमंडळींनीं बाजूस ठेवलेलें वर्तमानपत्र पुन्हां उचललें असेल. त्यांना मी हांक मारणार नाहीं. परंतु ज्या घरांत एखादी नात किंवा नातू संध्याकाळच्या वेळीं 'आतां काय करूं?' म्हणून मागें लागत असेल, त्या घरच्या वडील माणसांनीं एक पेन्सिल आणि गणिताच्या वहींतला चौकोनी रेघांचा कागद जवळ घेऊन बसावें, अशी माझी विनंती आहे. अडचण एवढीच कीं, हाताची गोष्ट मला केवळ आवाजानें सांगावयाची आहे. तुमचे हात मला दिसत नाहींत, माझे तुम्हांला दिसत नाहींत. शाळेंत फळ्यावर आकृति काढून जें दोन मिनिटांत झालें असतें, त्यासाठीं येथें आंकड्यांचा आधार घ्यावा लागेल. सुदैवानें हें काम असें आहे कीं, ज्याला चारपर्यंत मोजतां येतें त्याला तें करतां येतें.

'ब्रेसलेट' हा शब्द आतां घरोघर रुळला आहे. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु मनगटावरच्या दागिन्यांना आपल्या भाषेंत नांवांची वाण कधींच नव्हती. पाटल्या, बिलवर, गोठ, तोडे हे धातूचे; मोत्यांचे गजरे निराळे; आणि पोंची निराळी. बांगडी हातांतून चढवावयाची असते, म्हणून ती कडक असली तरी चालते. पोंची मनगटाभोंवतीं गुंडाळून बांधावयाची असते. ती मऊ, मनगट वळेल तशी वळणारी हवी. पोंचीचा सगळा जीव या लवचीकपणांत, म्हणजेच दोऱ्यांत आहे. पण मणी दिसतो आणि दोरा दिसत नाहीं. म्हणून बाजारांत गेलेला माणूस दोन तास मणी निवडतो, आणि दोरा मात्र दुकानदार देईल तो घेऊन घरीं येतो. आज मला मुख्यतः या न दिसणाऱ्या दोऱ्याबद्दल बोलावयाचें आहे.

रबरी दोऱ्यावर ओंवलेल्या पोंच्या आतां सर्वत्र मिळतात. त्यांना फासा नको, गांठ सोडावयास नको. हात घातला कीं झालें. माझ्या भाचीनें अशीच एक पोंची परगांवीं नोकरीस निघालेल्या आपल्या मैत्रिणीला भेट दिली. मैत्रिणीनें ती स्टेशनावरच हातांत घातली, सामान उचलतांना पिशवीचा बंद तिच्यांत अडकला, आणि निळे मणी फलाटभर उधळले. गाडी सुटेपर्यंत दोघी मुली वांकून मणी वेंचीत होत्या. रबर ताणानें आणि घामानें थकतें. शिवाय सगळे मणी एकाच दोऱ्यावर असल्यामुळें एका जागीं तुटलें कीं सारेंच संपलें. नीट विणलेल्या पोंचीचें तसें होत नाहीं. तींत प्रत्येक मण्यांतून दोरा निदान दोनदां, वेगवेगळ्या वाटांनीं गेलेला असतो. एक फेरा तुटला तर दुसरा धरून ठेवतो. फार झालें तर दोन-चार मणी गळतात, आणि ते पुन्हां बसवितां येतात. ओंवणें आणि विणणें यांतला फरक तो हा.

आमच्या लहानपणीं घरांत मण्यांचा सर तुटला असें कोणी म्हणत नसे; 'वाढला' असें म्हणत. मंगळसूत्र वाढलें, बांगडी वाढली. अशुभ शब्द टाळण्याची ही रीत तुम्हांलाही ठाऊक असेल. परंतु शब्दानें दोरा जुळत नसल्यामुळें लगोलग पटवेकऱ्याकडे जावें लागे. दागिने गांठविणें हा पटवेकऱ्याचा धंदा. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो ताणून धरी आणि दोन्ही हातांच्या बोटांनीं रेशमाचे फेरे असे भराभर देई कीं, पाहणाऱ्या पोराला त्यांतला एकही फेरा ओळखतां येऊं नये. घरांतली वडील बाई सोन्याचे मणी त्याच्यापुढें मोजून देई आणि काम झाल्यावर मोजून घेई. त्यांत अविश्वास नसे, दोघांचीही सोय असे. आणि दोरा तुटलेला नसला तरी झिजलेला दिसला कीं तो आपण होऊन सांगे, 'आक्का, हा आतां बदलून घ्या.' मणी आणि सोनें पिढ्यान् पिढ्या तेंच राही. दोरा मात्र बदलत राही, आणि तो बदलण्यांत कोणाला कमीपणा वाटत नसे.

दोऱ्याची ही विद्या किती जुनी आहे, याचा एक पुरावा आपल्याच जिल्ह्याजिल्ह्यांतून मिळालेला आहे. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९५४ पासून उत्खनन केलें. तेथें एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली. मण्यांच्या पोटांत दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता. तो तपासला तेव्हां त्यांत कापूस आणि रेशीम दोन्ही आढळून आलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलाच्या गळ्यांत घालावयाच्या माळेसाठीं कोणीतरी नुसत्या कापसावर भागविलें नाहीं. त्या घराला नांव नाहीं, त्या माणसांची भाषा आपल्याला माहीत नाहीं. पण दोरा चांगला हवा हें त्यांना कळत होतें.

आतां आपल्या कामाकडे वळूं. सुती दोरा कांचेच्या मण्याला पुरा पडत नाहीं. मण्याच्या भोंकाची कड कांचेचीच असल्यामुळें ती धारदार असूं शकते. मनगट दिवसभर हलत असतें, आणि प्रत्येक हालचालीबरोबर ती कड दोऱ्यावरून करवतीसारखी फिरते. रेशीम मऊ आणि बळकट खरें, परंतु रोज पाण्यांत जाणाऱ्या हाताला तें सोयीचें नाहीं. मग राहतो नायलॉनचा दोरा. त्यांत दोन जाति आहेत. एक तंगूस, म्हणजे मासे धरण्याच्या गळाला लावतात तो एकसंध, कांचेसारखा पारदर्शक दोरा. त्याचें टोक ताठ असल्यामुळें सुईशिवाय ओंवतां येतें, म्हणून लहान मुलांना तो आवडतो आणि घरोघरचीं मण्यांचीं तोरणें बहुधा त्याच्यावरच झालेलीं असतात. तोरण भिंतीवर स्थिर असतें, तेथें तो शोभतो. मनगटावर मात्र तो ताठर वाटतो, त्याच्या गांठीचीं टोकें टोचतात, आणि वळवळून एके जागीं तो मोडतो. दुसरी जात पीळ दिलेल्या बारीक नायलॉनची. पोंचीसाठीं माझें मत या दुसऱ्या जातीला. वापरण्यापूर्वी तो मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोन वेळां ओढून घ्यावा. मेणामुळें तंतु सुटे होत नाहींत, दोऱ्याला गुंता कमी होतो, आणि मण्यांत तो किंचित् चिकटून बसल्यामुळें ओढलेला ताण लगेच ढिला पडत नाहीं.

तंगुसावरून आठवलें. कांहीं वर्षें मी मालवणी मुलखांत खाडीकांठच्या एका शाळेंत होतों. कार्यानुभवाच्या तासाला मीं मुलामुलींना एकत्र बसवून मणीकाम दिलें, तेव्हां प्रथम मुलगे फिदीफिदी हंसले. त्यांत एका कोळ्याचा मुलगा होता. पाढ्यांत तो सातापुढें अडखळे. मी फळ्यापाशीं निरगांठ कशी मारावी हें दाखवीत होतों. त्याच्या हातांत तंगूस होता. तो म्हणाला, "गुरुजी, तंगूस तो. साध्या गांठीन ऱ्हवाचो नाय. आणखी एक वेढो घालूक व्हयो." आणि त्यानें करून दाखविलें. निरगांठीच्या पहिल्या अर्ध्या गांठींत टोक एकदां न गुंडाळतां दोनदां गुंडाळावयाचें, मग दुसरी अर्धी गांठ. शस्त्रवैद्य टांका घालतांना जी गांठ मारतात ती याच कुळांतली. गुळगुळीत दोऱ्यावर पहिला वेढा दुसरा होईपर्यंत सुटत नाहीं, हें तिचें मर्म. त्या दिवसापासून गांठीच्या बाबतींत वर्ग त्याला विचारूं लागला. सातापुढचे पाढे त्याला तीन-तीन मण्यांच्या हिशेबानें जमूं लागले कीं नाहीं हें विचाराल, तर तिनाचा पाढा पक्का झाला. आठाचा शेवटपर्यंत झाला नाहीं. वर्ध्याला १९३७ सालीं महात्मा गांधींच्या पुढाकारानें जी शिक्षणपरिषद् भरली, तिनें हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याचा पुरस्कार केला. त्या योजनेच्या वादांत मी पडत नाहीं. मीं पाहिलें तें एवढेंच, कीं ज्या मुलाला वर्गांत कोणी कांहीं विचारीत नसे, त्याला लोक विचारूं लागले.

मण्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. बारीक कांचेच्या मण्यांना नंबर असतात, आणि नंबर जितका मोठा तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी दोन मिलीमीटरच्या जवळपास, आठ नंबरचा साधारण तीन मिलीमीटर. पहिल्या पोंचीला आठ नंबरचाच घ्यावा. साठीच्या पुढच्या डोळ्यांनाही तो दिसतो. पुण्याची तुळशीबाग किंवा मुंबईचें भुलेश्वर येथें ते मिळतात. बोहेमियाचे आणि जपानचे मणी आकारानें अधिक सारखे असतात. आपल्याकडील मण्यांत जाडबारीक अधिक निघतात, पण निवडून घेतल्यास काम उत्तम होतें. मूठभर मणी ताटलींत पसरा, आणि जे फार जाड, फार पातळ, वांकडे किंवा कड फुटलेले असतील ते आधींच बाजूला काढा. रंग पक्का आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ओल्या पांढऱ्या फडक्यावर पांच-सहा मणी चोळून पहावे. आंतून चंदेरी मुलामा दिलेले मणी दिव्याखालीं फार मोहक दिसतात, परंतु घामानें तो मुलामा काळवंडतो. ते रोजच्या वापराला नकोत. शेवटची परीक्षा भोंकाची. घेतलेला दोरा एका मण्यांतून चार वेळां जातो कीं नाहीं हें पहा. न गेल्यास दोरा बारीक घ्या. भरलेल्या भोंकांत सुई रेटली कीं मणी फुटतो, आणि तो नेहमीं विणलेल्या भागाच्या मधोमधच फुटतो.

बसावयाची जागा उजेडाची हवी. मांडीवर परात घ्या, परातींत जुन्या घोंगडीचा किंवा मखमलीचा तुकडा अंथरा, म्हणजे मणी घरंगळत नाहींत. आणि घरांत रांगतें मूल असेल तर हें काम जमिनीवर पसरून करूं नका. सांडलेला मणी आपल्याला दिसत नाहीं, पण रांगणाऱ्या मुलाला दिसतो. तो तोंडांत, नाकांत, कानांत जातो. काम संपल्यावर परात झाडून, मणी मोजून डबीचें झांकण लावावें. ही सूचना मी सौम्य शब्दांत करीत असलों तरी ती सौम्य मानूं नये.

आतां वीण. मी चौकटीची वीण सांगणार आहें. काठेवाडांत मोतीकाम करणाऱ्या स्त्रिया कापडाचा आधार न घेतां मण्यांना मणी जोडून सबंध तोरणें विणतात. त्यांची रीत आणखी वेगळी आणि अधिक कुशलतेची आहे; चौकट हा नवशिक्याचा मार्ग. एक वाव दोरा घ्या, म्हणजे दोन्ही हात पसरून छातीवरून भरेल तेवढा. दोन्ही टोकांना बारीक सुया ओंवा. एका सुईनें चार मणी घेऊन दोऱ्याच्या मध्यावर आणा. डावीकडून त्यांना मनांत एक, दोन, तीन, चार असे नंबर द्या. चौथ्या मण्याच्या ज्या तोंडांतून उजवा दोरा बाहेर पडला आहे, त्याच तोंडांतून डावी सुई आंत घाला, आणि दोन्ही दोरे हळूहळू ओढा. चार मण्यांची एक चौकट होईल, आणि चौथ्या मण्याच्या दोन्ही बाजूंनीं एकेक दोरा निघालेला दिसेल. हा मणी वरच्या बाजूस येईल असें काम धरा.

यापुढें एकच कृति पुन्हां पुन्हां करावयाची. डाव्या सुईंत एक मणी, उजव्या सुईंत दोन. उजवीकडच्या दोहोंपैकीं जो नंतर घातला, त्याच्यांतून डावी सुई समोरून, म्हणजे उलट दिशेनें न्या. ओढा. दुसरी चौकट झाली. दर वेळीं दोरे बाजू बदलतात. तेव्हां मघाची डावी कोणती हा विचार करूं नये, आतां डावीकडे असेल ती डावी. आमच्या वर्गांत मुलें मोठ्यानें म्हणत, "डावीकडे एक, उजवीकडे दोन, डावी भेटे उजवीला." दहा चौकटी होईपर्यंत तोंडानें म्हणावें लागतें, मग बोटें आपली आपण म्हणतात.

ओढण्याचा ताण किती असावा, हें आवाजानें सांगणें सर्वांत कठीण. मण्यांच्या मध्यें दोरा दिसूं लागला तर काम ढिलें. पट्टी बोटावर वळविली असतां वळत नसेल, ताठ राहत असेल, तर काम आवळलेलें. दोहोंच्या मध्यें जागा थोडी आहे, पण ती आहे. प्रत्येक चौकट पुरी झाली कीं ताबडतोब ओढावी. पांच चौकटी ढिल्या ठेवून मग एकदम ओढूं म्हटल्यास शेवटची तेवढी आवळते. आणि एकाच बैठकींत निदान एक ओळ पुरी करावी. सकाळचा हात आणि दुपारच्या झोंपेनंतरचा हात हे दोन निराळ्या माणसांचे हात असतात. पट्टीकडे पाहून कोठें उठलांत हें सांगतां येतें.

चौकटींत चाराऐवजीं पांच मणी पडले, किंवा काळ्याच्या जागीं लाल गेला, असें होणारच. अशा वेळीं सुई आल्या वाटेनें मागें घालूं नये. ती दोऱ्याच्या पिळांत शिरते आणि दोरा चिरतो. सुई दोऱ्यांतून काढून ठेवावी, आणि मोकळा दोरा हलके हलके मागें ओढून उसवावें. जास्तीचा एखादा मणी पक्कडीनें फोडून टाकण्याची युक्ति कांहींजण करतात. ती करावयाचीच असेल तर भोंकांत टांचणी घालून मणी आंतून बाहेर फुटेल असें करावें, म्हणजे कांचेची धार दोऱ्यावर येत नाहीं. वर फडकें धरावें आणि तोंड बाजूला करावें. मुलांच्या हातीं मी ही युक्ति कधीं दिली नाहीं. तीन चौकटी उसवून पुन्हां विणावयास पांच मिनिटें लागतात.

आतां कागद-पेन्सिल घ्या. मनगटाचें माप दोऱ्यानें घ्या. समजा, १५ सेंटिमीटर भरलें. सैलपणासाठीं २ मिळवा, बटणाच्या जागेसाठीं १ वजा करा. विणावयाची लांबी १६ झाली. आतां दहा चौकटी विणून पट्टीनें मोजा. समजा, त्या ४ सेंटिमीटर भरल्या. ४ सेंटिमीटरला १० चौकटी, तर १६ सेंटिमीटरला किती? त्रैराशिक मांडा, उत्तर ४०. पुस्तकांतलें माप घेऊं नये. आपला मणी, आपला दोरा आणि आपला ताण यांचें माप आपल्याच दहा चौकटी सांगतात. मणी किती लागतील? पहिल्या चौकटीला चार, पुढें प्रत्येकीला तीन. म्हणजे चौकटींची तिप्पट अधिक एक. चाळीस चौकटींना १२१ मणी.

एका ओळीची पोंची बारीक दिसते, म्हणून तिला शेजारीं दुसरी ओळ जोडतात. पहिल्या ओळीची शेवटची चौकट करतांना तिन्ही मणी उजव्या सुईंत घ्या आणि तिसऱ्यांतून डावी सुई उलट न्या. दोरे आतां वरच्या मण्यांतून न निघतां डाव्या बाजूच्या मण्यांतून निघतील. काम खालचें वर असें फिरवा. तो बाजूचा मणी तुमच्या उजवीकडे येईल. खालच्या सुईंत तीन मणी घेऊन तिसऱ्यांतून वरची सुई उलट न्या. दुसऱ्या ओळीची पहिली चौकट झाली. पुढें डाव्या सुईला नवा मणी नको. ती पहिल्या ओळीचा शेजारचा मणी घेते. उजव्या सुईंत दोन नवे, आणि डावी भेटे उजवीला. म्हणून दुसऱ्या ओळीला पहिल्या चौकटीस तीन आणि पुढें दोन-दोन, एकूण ८१. तिसऱ्या ओळीलाही तितकेच. तीन ओळींची पोंची २८३ मण्यांची. तिसऱ्या ओळीचें वळण मी सांगत बसत नाहीं. दुसरी ओळ ज्याच्या हातून उतरली, त्याला तें सुचतें. दोरा वीतभर उरला कीं नवा घ्यावा. जुन्याचें टोक आणि नव्याचें टोक विणलेल्या भागांत निरनिराळ्या दिशांनीं फिरवावें, आणि कांठावर गांठ कधींही आणूं नये.

नक्षी काढावयाची असेल तर चौकोनी कागदावर एक गोष्ट लक्षांत ठेवा. कशिद्यांत किंवा रांगोळींत आपण चौकोन रंगवितों. या विणींत चौकोन रिकामा असतो, मणी त्याच्या रेघेवर असतो. तेव्हां रंगीत पेन्सिलीनें रेघा गिरवा. आडव्या रेघा एका रंगाच्या आणि उभ्या दुसऱ्या, एवढें केलें तरी पट्टीला जाळीदार शोभा येते. चौकोनच रंगवावयाचे असतील तर मागावर विणावें लागतें. जुन्या तसबिरीच्या चौकटीला ताण्याचे दोरे बांधून, मध्यें अंतर सारखें राहावें म्हणून फणीचा तुकडा लावून, हा माग घरींही होतो. रुंदीला जितके मणी, त्यांहून ताण्याचा एक दोरा अधिक. विणणें सोपें आहे. पण शेवटीं ताण्याचीं सगळीं टोकें एकेक करून लपवावीं लागतात, आणि तेथें नवशिक्याचा धीर सुटतो. म्हणून मीं चौकट आधीं सांगितली.

पट्टी पुरी झाली, तरी पोंची झालेली नाहीं. एका सुईवर नवा दोरा घेऊन सर्व विणींतून पुन्हां एक फेरा द्या. सुई एका चौकटींतून दुसरींत जातांना मण्यांच्या वाटेनेंच जावी. चौकटीच्या पोटांतून आडवी गेली तर दोरा दिसतो. हा फेरा देण्याचा कंटाळा पुष्कळांना येतो, आणि मीं मघां ज्या दोन वाटा म्हटल्या त्यांपैकीं दुसरी वाट याच फेऱ्यानें पडते. मग एका टोकाला शर्टाचें बटण किंवा मोठा मणी, दुसऱ्या टोकाला बारीक मण्यांचा फांसा. फांशांतून बटण जेमतेम जावें, सहज जाऊं नये. पोंची घालतांना आणि काढतांना सर्व ओढ या फांशावर येते, म्हणून त्यांतून दोरा तीन वेळां फिरवा. शेवटीं कोळ्याच्या मुलाची गांठ मारा, ती जवळच्या मण्यांत ओढून घ्या, आणि उरलेलें टोक सात-आठ मण्यांतून दिशा बदलीत नेऊन मगच कापा. कापलेल्या टोकाला उदबत्ती लावून तें वितळविण्याची चाल आहे. टोक असें नीट फिरविलें असेल तर तिची गरज पडत नाहीं; आणि विस्तव बाजूच्या दोऱ्याला लागला तर नुकतेंच पुरें केलेलें काम तेथेंच सुटतें.

पोंची भांडीं घासतांना व स्नानाच्या वेळीं काढून ठेवावी. मळली तर कोमट पाण्यांत साबणाचा हलका फेंस करून बुडवावी, चोळूं नये, फडक्यावर सपाट वाळवावी. वर्ष-दीड वर्षानें भिंगाखालीं फांशाजवळचा दोरा पहावा. तो पिंजलेला दिसला तर, पटवेकरी सांगत असे त्याप्रमाणें, तुटण्याची वाट न पाहतां बदलावा. त्यासाठीं उरलेल्या मण्यांपैकीं पंधरा-वीस मणी आणि त्याच रिळाचा हातभर दोरा एका पुडींत बांधून ठेवा. पुडीवर मण्याचा नंबर, चौकटींची संख्या आणि तारीख लिहा. नक्षीचा कागद घडी करून आंतच घाला. पोंची कोणाला भेट द्यावयाची असेल तर ही पुडीही तिच्याबरोबर द्या.